खेळातली नजर टॅबलेटवर दिसत नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकाच्या क्रीडा पानावर शहरातल्या एका खासगी अकादमीच्या कबड्डी निवड चाचणीची बातमी वाचली. चौदा वर्षांखालच्या मुलींना मैदानात उतरवण्याआधी टॅबलेटवर वीस मिनिटांची ‘गेम इंटेलिजन्स टेस्ट’ सोडवायला दिली आणि जिला कमी गुण पडले तिला तिथूनच घरी पाठवलं. बातमीत या ‘आधुनिक’ पद्धतीचं कौतुक होतं. अमेरिकेत त्यांच्या फुटबॉलचे क्वार्टरबॅक, म्हणजे संघाची चाल चालवणारे खेळाडू, असेच बुद्धीच्या चाचणीवर निवडतात, असं शेवटी एक वाक्यही होतं. त्या वाक्यामुळे मी लिहायला बसले. एक तर ते खरं नाही. दुसरं म्हणजे, त्या दिवशी घरी परतलेल्या मुलींतली एक रोज सकाळी माझ्याकडे खेळायला येते.

मी ३१ वर्षं शाळेत पी.टी. शिकवली. त्याआधी विद्यापीठाकडून कबड्डी खेळले, डावा कोपरा. अमेरिकन फुटबॉलशी माझा संबंध आला तो लेकीमुळे. ती ह्यूस्टनला असते. २०२३ च्या ऑक्टोबरात मी तिच्याकडे गेले आणि सहा महिने राहिले. बारा वर्षांचा नातू या खेळाचा वेडा. पहिले दोन रविवार मला ती नुसती झोंबाझोंबी वाटली. तिसऱ्या रविवारी त्याने रिमोटने चित्र थांबवलं आणि म्हणाला, “आजी, समोरच्या संघाचे सगळ्यात मागे किती उभे आहेत, मोज.” मी मोजले. दोन होते. त्याने चित्र दोन सेकंद पुढे सरकवलं, पुन्हा थांबवलं. “आता?” आता मागे एकच उरला होता, दुसरा धावत पुढे आला होता. नातू म्हणाला, “क्वार्टरबॅकला हे चेंडू हातात आल्यावर दिसलं पाहिजे. आधीचंच चित्र डोक्यात धरून फेकलं तर चेंडू गेला.”

त्या दिवशी मला तो खेळ कळला. मी आयुष्यभर हेच तर शिकवत होते. आमच्यात कोपरा मुद्दाम आत सरकून उभा राहतो, चढाई करणारीला वाटतं बोनसची, म्हणजे जादा गुणाची, वाट मोकळी आहे, ती पाय टाकते आणि घोटा धरला जातो. जिला ती मोकळी जागा फसवी आहे हे पाय टाकण्याआधी कळतं, ती खेळाडू.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. दोन्ही बाजूंना अकरा अकरा गडी. चढाई करणाऱ्या संघात चेंडू आधी क्वार्टरबॅकच्या हातात येतो आणि पुढे काय करायचं हे तो ठरवतो. एक चाल संपून दुसरी सुरू होईपर्यंत ४० सेकंदांचं घड्याळ चालतं. प्रशिक्षक त्याच्या हेल्मेटमधल्या रेडिओवरून चाल सांगतो, पण घड्याळात १५ सेकंद उरले की तो रेडिओ बंद होतो. तिथून पुढे पोरगा एकटा. समोरचे कसे उभे आहेत, मागे दोघं आहेत की एक, त्याच्यावर कोण धावून येणार आहे, हे बघून त्याला आपल्या माणसांना ओरडून सांगायचं असतं, लागलं तर चाल बदलायची असते. मग चेंडू हातात येतो आणि साधारण अडीच-तीन सेकंदांत तो सोडावा लागतो. तेवढ्यात समोरच्यांनी चित्र बदललेलं असतं. साठ-सत्तर हजार लोक ओरडत असतात आणि सव्वाशे-दीडशे किलोची माणसं अंगावर येत असतात.

कॉलेजात खेळणाऱ्या एकवीस-बावीस वर्षांच्या मुलाला हे जमेल की नाही, हे एप्रिलअखेरच्या ड्राफ्टआधी, म्हणजे व्यावसायिक लीगचे संघ क्रमाने नवे खेळाडू निवडतात त्याआधी, ३२ संघांना ठरवायचं असतं. त्यासाठी त्यांनी काय काय केलं, ते सांगण्यासारखं आहे.

१९७० च्या दशकापासून तिथे ‘वंडरलिक’ नावाची लेखी चाचणी द्यायची पद्धत होती. १२ मिनिटं, ५० प्रश्न. शब्दांचे अर्थ, आकड्यांच्या मालिका, शाब्दिक गणितं. मुळात ही चाचणी कारखान्या-कचेऱ्यांत माणसं नेमताना वापरायची. गुण गुप्त ठेवायचे असत, पण दरवर्षी फुटायचे आणि पेपरांत छापून यायचे. हार्वर्डचा रायन फिट्झपॅट्रिक, त्याचे म्हणून छापलेले गुण पन्नासपैकी अठ्ठेचाळीसच्या आसपास. माणूस चांगला, १७ हंगाम खेळला, नऊ संघांकडून खेळला, पण एकदाही प्लेऑफचा, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीचा, सामना त्याच्या नशिबी आला नाही. दुसरा क्वार्टरबॅक डॅन मरिनो, त्याचे म्हणून छापलेले गुण सोळाच्याही वर जात नाहीत. १९८३ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्याच फेरीत सहा क्वार्टरबॅक निवडले गेले, त्यात हा शेवटचा, २७ वा. पुढच्याच वर्षी, १९८४ मध्ये, त्याने एका हंगामात ५,०८४ यार्ड (फेकीने पार केलेलं अंतर) आणि ४८ टचडाऊन (समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू पोचवणाऱ्या फेकी) फेकले. एवढं तोवर कोणीच केलं नव्हतं. समोरचा बचाव वाचून चेंडू झटकन सोडावा तर त्याने, असं जाणकार आजही म्हणतात. शब्दार्थ विचारणाऱ्या कागदावर हे कुठून उमटणार?

आणि २०२२ पासून लीगने ड्राफ्टआधीच्या शिबिरात ती चाचणी घेणंच बंद केलं. आपल्या बातमीतल्या वाक्याची ही स्थिती आहे. त्यांनी पन्नास वर्षांच्या अनुभवाने जे बाजूला ठेवलं, ते आपण नागपुरात नवं म्हणून आणतो आहोत, आणि तेही तेरा वर्षांच्या पोरींसाठी.

अकादमीचे लोक म्हणतील की आमची चाचणी तशी नाही, आमची संगणकावरची आहे, नजर आणि प्रतिसाद मोजणारी आहे. अमेरिकेतही तशी निघाली. तिचं नाव एसटू. पडद्यावर आकृत्या चमकतात, बटण दाबायचं, सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजमाप होतं. ही शब्दार्थांपेक्षा खेळाच्या जवळची आहे, हे मी मान्य करते. पण २०२३ च्या एप्रिलमध्ये काय झालं बघा. सी. जे. स्ट्राउड नावाच्या कॉलेजातल्या क्वार्टरबॅकचे या चाचणीतले गुण फुटले. शंभरात अठराव्या टक्क्यावर, म्हणजे बहुतेक सगळे त्याच्या पुढे. ड्राफ्टला काही दिवस असताना त्याच्या डोक्यावर असा शिक्का बसला. ह्यूस्टनच्या संघाने तरीही त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतलं.

त्याची एक मॅच मी लेकीच्या घरी पाहिली. ५ नोव्हेंबर २०२३, दिवाळीआधीचा रविवार. लेक चकल्या तळत होती, सोऱ्या माझ्या हातात, आणि नातू सारखा ओढून टीव्हीसमोर नेत होता. टँपा बे ३७, ह्यूस्टन ३३. शेवटची ४६ सेकंदं आणि मैदानाचे ७५ यार्ड बाकी. मी सोऱ्या ठेवून बसले. मला त्याचे हात बघायचे नव्हते, मान बघायची होती. कबड्डीतही मी पोरींची मानच बघते. भांबावलेल्या माणसाची मान एका जागी अडकते, ज्याच्याकडे फेकायचं ठरवलंय त्याच्याकडेच तो बघत राहतो आणि समोरचे त्याची नजर धरून तिथे पोचतात. या मुलाची मान शांतपणे एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे फिरत होती. पहिला गडी झाकलेला, सोड. दुसरा झाकलेला, सोड. तिसऱ्याकडे चेंडू गेलेला असायचा. घड्याळात ६ सेकंद उरले असताना त्याने टचडाऊन फेकला. ३९-३७. त्या एका सामन्यात ४७० यार्ड, नवख्या खेळाडूचा विक्रम. अख्ख्या हंगामात २३ टचडाऊन, आणि चेंडू समोरच्याच्या हातात गेला तो फक्त ५ वेळा. वर्षातला सर्वोत्तम नवखा आक्रमक खेळाडू तोच ठरला.

एका मुलावरून नियम काढू नये, हे मलाही कळतं. पुढच्या हंगामात त्याचा खेळ उतरला. १२ वेळा चेंडू समोरच्यांनी पकडला, आणि त्याला चेंडूसकट पाडलं गेलं ५२ वेळा. पुढची रक्षकांची फळी कोसळली की भल्याभल्यांची नजर जमिनीकडे जाते. माझं म्हणणं एवढंच, की त्या १८ आकड्यात यातलं काहीच नव्हतं, ना पहिलं वर्ष, ना दुसरं. ज्यांनी त्याची मैदानावरची चित्रफीत नीट पाहिली होती त्यांच्याकडे पुरावा होताच. ३१ डिसेंबर २०२२ ला, तोवर अजिंक्य असलेल्या जॉर्जियाच्या कॉलेज संघाविरुद्ध, त्याने ३४८ यार्ड आणि चार टचडाऊन फेकले होते. त्याचा कॉलेजचा संघ ४१-४२ असा एका गुणाने हरला, पण हा मुलगा दबावाखाली बघू शकतो हे त्या रात्री सगळ्यांसमोर होतं.

मग तिथले जाणते लोक डोकं कसं तपासतात? मुलाला खोलीत बसवतात, त्याच्याच सामन्याची फीत लावतात, त्यातही त्याच्या चुका. चेंडू समोरच्याच्या हातात गेला तिथे थांबवून विचारतात: इथे तू काय पाहिलंस? कोण कुठे जाईल असं वाटलं होतं? मग कोणी त्याला दोन-चार नव्या चाली फळ्यावर शिकवतात, घरच्या गप्पा मारतात, चहापाणी होतं, आणि बऱ्याच वेळाने म्हणतात, मघाची चाल काढून दाखव. सगळ्या अकरा जणांची कामं सांग, तुझ्या एकट्याचं नको.

यातही फसगत आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. कॉलेजच्या फुटबॉलमध्ये पुष्कळ संघांत सगळे खेळाडू चेंडू सुरू व्हायच्या आधी कडेला उभ्या प्रशिक्षकाकडे मान वळवून बघतात. तो बचाव बघतो, इशारा करतो, चाल बदलते. फितीत दिसतं की पोराने काय सुरेख निर्णय घेतला! निर्णय पोराचा नसतोच. म्हणून विचारावं लागतं, हे तू ठरवलंस की तुला सांगितलं? आमच्याकडे तर हे सर्रास चालतं. बाहेरून सर ओरडतात, “मागे ये, मागे ये,” आणि पोरगी मागे येते. प्रेक्षकांना वाटतं हुशार आहे.

दुसरी फसगत बोलक्या मुलांची. फळ्यावर घडाघडा सांगतात, सगळी नावं पाठ असतात, आणि मैदानात तीन सेकंदांत काही सुचत नाही. उलट, मैदानात सगळं दिसणारी पण तोंडाने सांगता न येणारी मुलंही असतात. माझ्या शाळेत अशाच जास्त होत्या. घरात कोणी “तुला काय वाटतं?” असं कधी विचारलेलंच नसतं, मग ती सांगणार कशी?

१९९८ च्या ड्राफ्टमधली पेयटन मॅनिंग आणि रायन लीफ या दोन क्वार्टरबॅकची गोष्ट नातवाने मला सांगितली, नंतर मी स्वतः वाचली. पहिला कोणाला घ्यावा यावर तेव्हा खरोखर दुमत होतं, लीफचा हात जास्त ताकदीचा म्हणायचे. पहिली निवड ज्यांच्याकडे होती त्या इंडियानापोलिसच्या संघाच्या लोकांसमोर मुलाखतीला मॅनिंग वही घेऊन आला आणि त्यानेच त्यांना प्रश्न विचारायला सुरुवात केली, असं सांगतात. लीफ त्यांच्या भेटीला पोचलाच नाही. मॅनिंगला पाच वेळा सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळाला. लीफ चार वर्षांत संपला, १४ टचडाऊन आणि ३६ वेळा चेंडू गमावलेला. वही घेऊन येणारी प्रत्येक मुलगी मोठी खेळाडू होते असं मी म्हणणार नाही. पण खेळाविषयी जिच्याकडे प्रश्न आहेत, तिला मी दोन दिवस जास्त बघते. आणि टॉम ब्रेडी? २००० साली तो १९९ वा निवडला गेला. धावण्यात मंद, अंगाने काटकुळा. सात सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकला. तेव्हाही सगळी मोजमापं हाताशी होतीच.

आता माझी पद्धत सांगते. ती मी कुठून शिकले नाही, गरजेतून आली. शाळेत फळा मैदानावर न्यायची सोय नव्हती, म्हणून मी सात खडे ठेवायची. सरावात चढाई झाली, पोरगी बाद झाली, की तिला एकटीला मैदानाच्या कडेच्या पायरीवर न्यायचं, म्हणजे बाकीच्या ऐकत नाहीत. सात खडे तिच्या हातात द्यायचे आणि सांगायचं, तुला धरलं तेव्हा कोण कुठे होती ते मांड. पुष्कळ जणी दोनच खडे ठेवतात, जिने धरलं ती आणि तिच्या शेजारची. बाकीचे पाच हातातच राहतात. काही जणी सातही मांडतात, पण रांगेत, ओळखीची रांगोळी काढल्यासारखे. आणि एखादी असते, ती डावा कोपरा ठेवते, क्षणभर थांबते, खडा उचलून बोटभर आत सरकवते. तो बोटभर सरकवलेला खडा दिसला की मला बाकी काही विचारावं लागत नाही. मग सगळ्यांना पाणी, अर्धा तास दुसरा सराव, आणि पुन्हा तिला बोलवायचं. या वेळी मी मांडते, एक खडा मुद्दाम चुकीचा. ती ओळखते का बघायचं. सगळ्यात शेवटी, दुसऱ्या दिवशी तोच बचाव तिच्यासमोर पुन्हा उभा करायचा. काल जिथे फसली तिथे आज फसते का? माझ्या मते डोकं आहे की नाही हे या शेवटच्या गोष्टीवरूनच कळतं, आणि त्याला दोन दिवस लागतात. वीस मिनिटांत ते होत नाही.

माझ्याकडूनही एकदा मोठी चूक झाली आहे, ती इथे लिहिते. जिल्ह्याच्या निवड समितीवर असताना एका मुलीला मी शटल रनच्या, म्हणजे दोन रेषांमध्ये ये-जा पळायच्या, वेळेवरून वगळलं. तिला पळायला जड जायचं. पण साखळी पकडीत ती जिथे उभी असायची तिथेच चढाई करणारी येऊन पडायची. हे मी तीन सामन्यांत डोळ्यांनी पाहिलं होतं आणि तरी कागदावरचा आकडा समोर आल्यावर डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही. आकडा दाखवला की समितीत वाद होत नाही, म्हणून तो सोपा वाटला. ती मुलगी त्यानंतर खेळली नाही. ही गोष्ट माझ्या मनातून अजून गेलेली नाही.

आता माझ्याकडे येणाऱ्या या मुलीबद्दल. नाव लिहीत नाही. आई घरकाम करते, वडील भाजीची गाडी लावतात. गणितात दोनदा नापास झाली आहे, आणि तिने त्या दिवसापर्यंत टॅबलेट हातात धरलेला नव्हता. सूचना इंग्रजीत होत्या, हे तिने मला सांगितलं. गेल्या महिन्यात सकाळच्या सरावात तिने तिच्याहून दोन वर्षांनी मोठ्या मुलीला एकटीने धरलं. मी विचारलं, तुला कसं कळलं ती बोनसला येणार? म्हणाली, “मॅडम, ते बोनसले जायच्या आधी डावा खांदा खाली करून राहते नं. तीनदा केलं तिनं. चौथ्यांदा मले माहीतच होतं.” मी स्वतः उभी होते तिथे. मला तो खांदा दिसला नव्हता.

संपादक महोदय, अकादमीच्या हेतूविषयी मला शंका नाही. मुली खूप येतात, निवडणारे दोन-तीनच असतात, एप्रिलच्या नागपुरात सकाळी नऊनंतर मैदानात उभं राहवत नाही, म्हणून चाळणी लावावीशी वाटते हे मी समजू शकते. पण चाळणी लावायचीच असेल तर चाचणी शेवटी घ्या, आधी सगळ्यांना खेळू द्या. एकीलाही न खेळवता परत पाठवू नका. सूचना मराठीत द्या. हिंदी शाळेतल्या मुलींना हिंदीत द्या. आणि आपल्या दैनिकाने त्या शेवटच्या वाक्याची दुरुस्ती छापावी, कारण उद्या दुसऱ्या अकादम्या तेच वाक्य दाखवून हेच करतील.

निवड समितीतल्या कोणालाही त्या मुलीला बघायचं असेल तर आम्ही रोज सकाळी सहा ते आठ नंदनवनच्या मैदानावर असतो. रविवारीही असतो. दोन दिवस सलग यावं लागेल. खडे मी घेऊन येते.

आपली,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका
नंदनवन, नागपूर